कंदुरीला कुणाचा हात

१४ जानेवारी, मंगळवार

ही डायरी माझ्या लेकाला, बिभीषणला, कंपनीतून मिळाली. तो काय लिहिणार? फ्रिजवर धूळ खात पडली होती. आज संक्रांत. सकाळपासून मी सुनेला तीळ कसे भाजायचे ते सांगत होते. रत्नमाला म्हणाली, "आई, तुमचं जे काय म्हणणं हाय ते त्या डायरीत लिहून ठेवा. मी सवडीनं वाचीन."

पोरीच्या जिभेला धार आली आहे. माझ्याच संगतीत आली. म्हणून लिहायला बसले.

मी दुसरी पास. तिसरीत गेले तेव्हा मेंढरांमागं जायला घरात कोणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली. लिहिताना वेलांटी चुकेल. ज्याला अडचण असेल त्यानं वाचू नये.

दुपारी शेजारची मनकर्णाबाई आली. मी तिळगूळ पुढं केला तर म्हणाली, "गोड बोल म्हनू नको सारजा, तुला सोताला जमायचं नाय." चहाला नेहमीसारखा आपला स्टीलचा गलास पदराखाली घेऊन आली होती. बजाजनगरात तिची आमची भिंत एक. तिचं माहेर आणि माझं सासर एकाच वाडीतलं, गंगापूरच्या पलीकडचं. इतक्या वर्षांत आमच्या कपात तिनं चहा घेतला नाही. कपाची कड ओठाला लागते म्हणते. असतात एकेकाचे नखरे. मी आपली गलासात ओतते.

तीळ शेवटी करपलेच.

२३ जानेवारी, गुरुवार

आज नातीनं, आरूनं, डोकं उठवलं. पाल भिंतीला कशी चिकटते, आजीला दात किती, देव जेवतो तर हात धुतो का. तोंड म्हणून मिटत नाही. रत्नमाला म्हणाली, "तुमच्यावरच गेलीय." मी म्हटलं, "मंग चांगलंच झालं."

ही पोरगी चौथं लागेपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. नुसती बोट दाखवायची. डॉक्टरीणबाईनं आरसा आणि फुगे देऊन खेळ शिकवले. मी वाडीला गेले तेव्हा चिंचेखालच्या शेखबाबाला बोलले, की पोरीला वाचा दे, तुझी कंदुरी करीन. मग एक दिवस पोरगी मला म्हणाली, "आजी, गप." तिचा पहिला शब्द तो. आता डॉक्टरणीनं केलं का बाबानं, ते मला ठाऊक नाही. डॉक्टरणीला पेढे पोचले. बाबाचं राहिलं आहे.

रत्नमाला शहरात, छावणीत वाढलेली, तिला कंदुरी ठाऊक नव्हती. तिला सांगितलं. पीरापुढं बोकड कापायचा, मलिद्याचा निवद दाखवायचा, गावाला जेवू घालायचं आणि शिजलेलं तिथंच संपवायचं, घरी आणायचं नाही. बोकड कापायला मुलाणीच लागतो, बिसमिल्ला म्हणून कापणारा. आमच्या वाडीतली म्हातारी माणसं मुलाण्याच्या हाताशिवाय मटण तोंडाला लावत नाहीत. पीराचं असो, खंडोबाचं असो, लग्नातलं असो. ती म्हणाली, "असं का?" मी म्हटलं, "आमी कवा इचारलं नाय, तू बी इचारू नको."

पुढच्या महिन्यात पौर्णिमेनंतरचा गुरुवार धरला आहे.

२६ जानेवारी, रविवार

बिभीषणला सुट्टी. त्याला कंदुरीचं सांगितलं तर घास तसाच हातात राहिला.

"आई, आता तसले दिवस नाय राह्यले."

"कसले?"

"दर्ग्यावर जायचे. कुणी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, तर मला कंपनीत तोंड दाखवता येनार नाय."

मी म्हटलं, "तुझा बाप दर गुरुवारी बाबाच्या दिव्यात तेल घालत होता. त्याचं तोंड तर सगळ्या तालुक्याला दाखवता येत होतं." तर हा म्हणतो, बोकडाऐवजी दुसरं काय नाही का चालणार? पनीर? पीराला पनीर! आमचे मालक मल्हारराव असते तर हसता हसता खाटेवरून पडले असते.

पोरगं वाईट नाही. घाबरट आहे. लहानपणी कोंबड्याला घाबरत होतं, आता फोनला घाबरतं.

३० जानेवारी, गुरुवार

वाडीला जाऊन आले. एसटीनं गंगापूर, पुढं जीपमध्ये कोंबून. आमच्या स्टँडवर शहराच्या बदललेल्या नावाची पाटी लागली, कंडक्टर अजून दोन्ही नावं ओरडतो. बाया दोन्ही नावांना उठतात.

आधी जाऊबाईकडं गेले. साळूबाई थोरली, मी तिला आक्का म्हणते. आमचं कधी जमलं नाही. माझ्या हातचं कालवण तिला अळणी लागतं आणि तिचं मला खारट. तिचा सुदर्शन गावात पुढारी झाला आहे. चौकात बोर्ड लावला आहे, त्यावर त्याचा स्वतःचाच फोटो सगळ्यांत मोठा. पाया पडला. पोरगं नम्र आहे, बोर्डावर दिसतं तेवढं वाईट नाही.

म्हणाला, "काकू, कंदुरी आपल्यात बसत नाय. बोकड द्यायचा तर खंडोबापुढं देऊ. मी समदं करतो, तुमी नुसतं या."

"खंडोबाला मी काय बोललेच नाय. तो म्हनंल, ही बाई मला न इचारता कशाला आली?"

"देव असं म्हनत नाय, काकू."

"तुला बोलला काय तो?"

साळूबाई आतून भाकरी थापत ऐकत होती. ती माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलंही नव्हतं.

मग दगडू मुलाण्याकडं गेले. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून त्याच्या आईनं ह्याचं नाव दगडू ठेवलं, आपल्यात ठेवतात तसं. माझ्या लग्नातला बोकड त्याच्या बापानं कापला, बिभीषणच्या लग्नातला ह्यानं. मी गेले की नेहमी उठून उभा राहतो. आज बसूनच राहिला.

"भाभी, मेरेकू अब नको बोलो. कोई मोबाईल लेके खडा रहेगा. बुढापे में मेरा तमाशा."

त्याचा रियाज दारात उभा होता. गंगापुरात गॅरेजमध्ये काम करतो, दाढी राखली आहे. म्हणाला, "काकी, कबरीपुढं बोकड कापनं, मलिदा ठेवनं, हे आमच्यात बसत नाही. अब्बाला बी मी समजावलंय."

सुदर्शन आणि रियाज शाळेत एका बाकावर बसत होते. एकदा दोघांनी मिळून माझी कैरी चोरली होती आणि दोघांना मी एकाच छडीनं मारलं होतं. आता दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. पण वाक्य दोघांचं एकच आहे.

परत येताना जीपमध्ये गुडघा लई दुखला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मनकर्णाबाईला सगळं सांगितलं. तिला वाटलं तर ती चांगला सल्ला देते, पण आज तिला तसं वाटलं नाही.

"तुमी समदे येडे," म्हणाली. "पीर नको, खंडोबा नको, बोकड तर नकोच. पोरगी बोलली ती डॉक्टरणीमुळं. बाबासाहेबांनी आमची ह्याच्यातून सुटका केली, मी पुन्हा कशाला गुतू?"

"मी तुला पाया पड म्हनलं का? जेवायला ये म्हनलं."

"जेवायला येते. हात जोडनार नाय."

"नको जोडू. भाकरी थापायला लागतील तेच हात."

हसली. मग गलास फिरवत म्हणाली, "गंमत हाय बघ. मुलाण्याचा हात लागल्याबिगर तुमच्या गळ्याखाली उतरत नाय. आन आमचा लागला तर तुमी घागर वतून देत व्हता."

जुनं काढायची हिला खोडच आहे. तिचा बाप कडुबा आमच्या सासऱ्याच्या वाड्यावर मेंढरं कातरायला यायचा. त्याचा कप वेगळा असायचा, कान तुटलेला, बाहेर कुडाच्या फटीत खोचलेला. तो आपला आपणच काढायचा, चहा झाला की धुऊन परत खोचायचा. तसा रिवाजच होता. कुणाला त्याचं काय वाटत नव्हतं. कडुबा तर हसतमुख माणूस. कधी काही बोलला नाही.

हे मी मनकर्णेला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय. बोलला नाय." आणि गलास घेऊन घरी गेली. चहा अर्धा राहिला होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आरूचा घसा बसला आहे. सर्दी. आवाज अजिबात येत नाही, नुसती बोट दाखवते.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजही नाही. काढा दिला, थुंकला. दिवसभर भिंतीवरच्या पालीकडं बोट. मी विचारलं, "काय हाय ती? बोल." नुसती बघत राहिली, पूर्वी बघायची तशी.

मी घाबरले नाही. डॉक्टर म्हणाला सर्दी आहे, तर सर्दीच आहे. अक्षर वाकडं आलं आहे ते थंडीनं.

दुपारी बाहेर जाऊन वाडीच्या दिशेला तोंड करून बाबाला जरा सुनावलं. माणसं आडवी आली त्याला मी काय करू? राग काढायचा तर सुदर्शनचा आवाज बंद कर, पोरीचा कशाला?

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आरू म्हणाली, "आजी, पालीला सर्दी होते का?"

मी तिला म्हटलं, तोंड धू आधी.

मग बिभीषणला उठवलं आणि सांगितलं, गुरुवारी कंदुरी होणार. तू ये नाहीतर घरी बसून पनीर खा. तो बाहेर जाऊन फोनवर बोलला. आत येऊन म्हणाला, "होईल आई. सुदर्शनशी बोललो. तो आडवा येनार नाय." मला जरा नवल वाटलं. एवढं सोपं होतं तर आधीच का नाही केलं?

साळूबाईलाही फोन लावला. दगडू नाही म्हणतो हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि ठेवून दिला. ही तिची मदत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

खोबरं भाजलं. लसूण सोलला. रत्नमालाला वाटण येतं, कबूल करते. तिला सांगणार नाही, पण ती हे वाचणार आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज लिहीत नाही. पोट भरलं आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आता सगळं नीट लिहिते.

सकाळीच जीपनं वाडीला पोचलो. मी, बिभीषण, रत्नमाला, आरू, मनकर्णाबाई आणि तिचा गलास. चिंचेखाली आधीच माणसं जमलेली. बोकड झाडाला बांधलेला, पाला खात होता. चुली पेटल्या. मी बाबाच्या कबरीवर नवा गलेफ पांघरला, ऊद लावला.

तेवढ्यात सुदर्शन आला, त्याच्यामागं फिरणारी चार पोरं आणि एक परका माणूस घेऊन. माणसाच्या अंगात घट्ट पँट, हातात कोयता. सुदर्शन म्हणाला, "काकू, हा आपला मानूस. बोकड हाच कापील. बिभीषणदादाशी ठरलंय. जागा तुमची, मानूस आपला."

मी बिभीषणकडं पाहिलं. तो चिंचेकडं पाहत होता. म्हणजे असं सोपं झालं होतं ते.

मला लई बोलायचं होतं. पण माझ्या आधी म्हातारा मोतीराम बोलला. आमच्यातला सगळ्यांत जुना मेंढका, आता नीट दिसतही नाही. काठी टेकून विचारलं, "कुनाचा हात?"

सुदर्शननं त्या माणसाचं नाव सांगितलं.

"मुलानी हाय काय तो?"

"नाय, आबा. आपल्यातलाच हाय."

"आसं व्हय," मोतीराम म्हणाला आणि घोंगडी पसरून तिच्यावर बसला. "मंग मी भाकरी आन मीठ खातो. तुमी घ्या जेवून."

बाकीचे म्हातारेही बसले. एक एक करून म्हाताऱ्या बसल्या. कोणी भांडलं नाही, ओरडलं नाही. नुसते बसले, लग्नात मुहूर्ताची वाट बघत बसतात तसे. सुदर्शन सगळ्यांना समजावत फिरला. सगळे मान हलवत होते, उठत मात्र नव्हते. एक म्हातारी म्हणाली, "तुझं बरोबर हाय रं बाबा. पर मला उलटी व्हईल."

ऊन वर आलं. वाटणाचा वास सुटला होता. बोकडानं चिंचेची खालची सगळी पालवी संपवली. सुदर्शनच्या पोरांनी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, ती चुलीभोवती घुटमळायला लागली. परका माणूस म्हणाला, मला दुसरीकडं जायचं आहे. कोयता पिशवीत घातला आणि गेला.

तरी सुदर्शन ऐकेना. तेव्हा साळूबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश.

"सुदर्शन, तुझ्या लग्नात बोकड कुनी कापला?"

"आई, तवाचं येगळं."

"कुनी कापला?"

"...चाचानं."

"तू जेवला व्हता का उपाशी झोपला?"

त्याची पोरं हसली. साळूबाई म्हणाली, "जा. तुझ्या गाडीवर घेऊन ये त्याला. आन जाताना चौकातून जा, तुझ्या बोर्डासमोरून."

माझी जाऊ! जिला माझं कालवण अळणी लागतं!

सुदर्शन गेला. मला वाटलं दगडू येणार नाही, आणि तिकडंच भांडण होईल. थोड्या वेळानं फटफटी वाजली. पुढं सुदर्शन, मागं दगडू, त्याच्या खांद्याला धरून. पांढरा सदरा धुतलेला, घडी मोडलेलीही नाही. मांडीवर कापडात गुंडाळलेली सुरी. सुदर्शन नंतर बिभीषणला सांगत होता, "मी गेलो तर चाचा तयार होऊन ओट्यावर बसलेला. मी काय बोलायच्या आत गाडीवर बसला."

मी दगडूला म्हटलं, "नाय म्हनला व्हतास."

"तुमकू नाय बोला, भाभी. ये छोकरा आया तो क्या बोलूं?"

त्याचा चष्मा घरी राहिला होता. तो घेऊन मागून रियाज आला. कबरीपासून लांबच थांबला, चष्मा कोणाकडं तरी पाठवून दिला. मलिदा घेतला नाही, जेवलाही नाही. पाणी मागून प्याला. मी जबरदस्ती केली नाही, मनकर्णाबाईवर तरी कुठं करते? निघताना सुदर्शन त्याला म्हणाला, "क्लच घसरतोय रे गाडीचा, बघ जरा." रियाज खाली बसून बघायला लागला. दोघं बराच वेळ गाडीशी होते. काय बोलले ठाऊक नाही. क्लचला एवढा वेळ लागत नाही असं बिभीषण म्हणाला.

दगडूनं बिसमिल्ला म्हणून बोकड कापला, मलिद्यावर फातिया दिला. आरू शेजारी उभी राहून विचारत होती, बाबाला ऐकू येतं का, मराठी येतं का. दगडू म्हणाला, "तेरा सब समझता है वो." कोणीही मोबाईल काढला नाही. एकानं काढला, तो आईला उशीर होईल सांगायला.

मटण शिजेपर्यंत ऊन कललं. रत्नमाला कढईपाशी आणि मी देखरेखीला. भाकरीला बसली मनकर्णाबाई. बाबापुढं हात जोडले नाहीत, म्हणाली तशी. पण भाकरी अशी थापत होती, की एकेक चंद्रासारखी.

पंगत बसली. पहिली भाकरी ताटात पडली आणि मोतीरामानं हात मागं घेतला.

"ही भाकर कुनाच्या हातची?"

"कडुबाच्या मनकर्णीची," कोणीतरी म्हणालं.

साळूबाईनंही ताटातली भाकरी जरा बाजूला सरकवली. चुलीपाशी थापायचा आवाज थांबला.

मला भूक लागली होती. सकाळपासून ह्या एकाच गोष्टीवर उपाशी बसले होते. मी म्हटलं, "एकदा हाताची चौकशी झाली, त्यात दिवस गेला. आता पुन्हा सुरू केली तर मी रस्सा आरूला पाजीन आन तुमाला ताटं चाटायला देईन." मनकर्णाबाईच्या परातीतली गरम भाकरी उचलली, तिथंच मोडली, रश्श्यात बुडवून खाल्ली. जीभ भाजली. साळूबाईच्या ताटातली तिनं सरकवलेली भाकरी पुन्हा पुढं ओढली आणि म्हटलं, "आक्का, तू तरी खा. सुदर्शनला गाडीवर पाठवायला जोर लागला असंल." तिनं माझ्याकडं पाहिलं. मग घास मोडला.

म्हणाली, "रस्सा अळणी हाय."

मग मोतीरामानंही भाकरी मोडली, पहिल्यांदा तो थोडा चाचपत खात होता. नंतर त्यानं भाकरी मागून मागून खाल्ल्या. शेवटी म्हणाला, "भाकर कडुबाच्या घरची का? मऊ हाय." चुलीपाशी थापायचा आवाज परत सुरू झाला होता, आधीपेक्षा जोरात.

घरी काही आणायचं नसतं म्हणून सगळं संपवलं. दगडूला त्याच्या मानाची मुंडी दिली. येताना जीपमध्ये मनकर्णाबाईनं डोळे मिटले होते. मी म्हटलं दमली असेल. गलास पूर्ण दिवस पिशवीतच राहिला तिचा.

१६ फेब्रुवारी, रविवार

आरूचं तोंड चालू. कंदुरीपासून जास्तच. बाबानं जरा मापात द्यायला हवं होतं.

बिभीषण सकाळी माझ्याशेजारी येऊन बसला. नखं काढत बसला. मग म्हणाला, "ग्रुपवर कुनी काय टाकलं नाय." मी म्हटलं, "सगळ्यांचे हात खरकटे व्हते." तो हसला. बरं वाटलं.

साळूबाईचा फोन आला. रश्श्यात मीठ कमी होतं हे पुन्हा सांगितलं. पुढच्या वर्षी मीठ ती घालणार म्हणे. म्हणजे पुढच्या वर्षीही करायची आहे काय? मी तर एकदाचीच बोलले होते.

दुपारी मनकर्णाबाई आली. हात रिकामे. मी विचारलं, "गलास?"

"इसरले."

भिंतीपलीकडं घर आहे, मी म्हटलं जाऊन आण. ती म्हणाली, "गुडघा दुखतोय. दे तुझ्या कपात." मी कान उडालेला कप घेतला, मग तो ठेवून फुलाफुलांचा काढला, पाहुण्यांचा. तिनं दोन्ही हातांनी धरला आणि सगळा चहा प्याली. मी विचारलं, ओठाला कड लागली का?

"नाय लागली," म्हणाली.

जाताना कप आपणच धुवायला लागली. मी तिच्या हातातून ओढून घेतला. आमच्या घरी पाहुण्यांनी कप धुवायची पद्धत नाही. ती उगाचच हसत राहिली.

मी म्हटलं, "उद्या आठवनीनं गलास आन."

म्हणाली, "उद्या बी इसरनार हाय."

वय झालं की असं होतं. फुलाफुलांचा कप खालच्या फळीवर काढून ठेवला आहे, हाताशी.